परक्या गावातली झोप



गेल्या माघात मी, माझी नणंद आणि सासूबाई अशा तिघी सम्मेद शिखरजीला निघालो होतो. वाटेत एका मोठ्या शहरात गाडी बदलायची होती, म्हणून एक रात्र हॉटेलात काढली. खोली चांगली होती. पांढऱ्याशुभ्र चादरी, प्रत्येकीला दोन-दोन उशा, गार हवेचं यंत्र. दिवस मावळायच्या आत घरून आणलेल्या दशम्या आणि चटणी खाऊन आम्ही साडेआठला दिवे मालवले.

आणि झोप काही येईना. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू, कुणीतरी दार आपटतंय, दाराखालच्या फटीतून उजेड आत येतोय. नणंद दर अर्ध्या तासानं उठून कडी लागलीय का बघत होती. बाराच्या सुमाराला सासूबाई उठल्या, पिशवीतली सतरंजी काढली आणि जमिनीवर अंथरली.

"आई, खाली कशाला? एवढा पलंग आहे की," मी म्हटलं.

"अगं, ह्या गादीत बुडाल्यागत होतंय. खाली बरं."

त्यांनी नऊ वेळा णमोकार म्हटला असेल नसेल, त्यांचा घोरण्याचा आवाज सुरू झाला. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. आम्ही दोघी मात्र चारपर्यंत छताकडं बघत पडलो होतो.

परत आले तर गावात वेगळाच विषय निघालेला. आमच्या बस्तीला लागून एक जुनी धर्मशाळा आहे. लाकडी खांबांचं एक लांब दालन, चार अंधाऱ्या खोल्या, मागं आड. कमिटीचा विचार असा, की हे सगळं पाडायचं आणि संडास-बाथरूम जोडलेल्या बारा खोल्या बांधायच्या. महावीर जयंतीच्या आत महिला मंडळानं आपलं मत लेखी कळवावं, असा निरोप आला आणि लिहायचं काम माझ्याकडं आलं. मत लिहायचं तर आधी एक गोष्ट समजून घ्यावीशी वाटली. आपली माणसं पूर्वी प्रवासात झोपत कशी होती? कुठं? कुणाच्या भरवशावर? त्या शोधात जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगते.

दगडातल्या उशा

तामिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात सित्तन्नवासल नावाची टेकडी आहे. तिथली गुहेतली जैन चित्रं प्रसिद्ध आहेत. त्याच टेकडीच्या कड्यावर एक नैसर्गिक कपार आहे, एळडिपट्टम म्हणतात तिला. तिथं जमिनीच्या खडकातच सतरा बिछाने कोरलेत. माणूस आडवा होईल एवढी लांबी, घासून गुळगुळीत केलेला दगड, आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवलेली. म्हणजे उशी. त्यातला सगळ्यात मोठा बिछाना सगळ्यात जुना समजतात. त्यावर तमिळ-ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो इसवी सनाच्या आधीचा, दोन हजार वर्षांहून जुना.

मदुराईच्या आसपासच्या टेकड्यांवरही असे बिछाने बरेच आहेत. तिथले लोक त्यांना आजही श्रमणांचे बिछाने अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. विहार करत आलेल्या मुनींनी रात्री टेकावं, पावसाळ्यात चार महिने राहावं, म्हणून ते कोरलेले. कपारीच्या वर कपाळपट्टीसारखी एक खाच मारलेली असते. डोंगरावरून ओघळणारं पाणी त्या खाचेत अडतं आणि बाजूला जातं, आत बिछान्यावर येत नाही. आपण खिडकीवर पन्हाळी बसवतो, तसंच.

मला सगळ्यात आवडलं ते दात्यांबद्दल वाचताना. मदुराईजवळच्या अळगरमलै टेकडीवरच्या लेखांत मीठ विकणारा आहे, कापड विकणारा आहे, सोनार आहे. ही व्यापारी माणसं. मिठाची गोणी घेऊन गावोगाव फिरणाऱ्याला रात्री आडवं व्हायला कोरडी जागा मिळणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्वतः वाटेवर झोपणाऱ्यानं दुसऱ्या वाटसरूसाठी बिछाना कोरून दिला.

आपल्या महाराष्ट्रातही याचा एक फार जुना पुरावा आहे. मावळात पाले गावाजवळच्या एका लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत लेख आहे आणि त्याची सुरुवात अरहंतांच्या नमस्कारानं होते. इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी हे लेणं आणि पाण्याची पोढी करवली, एवढंच त्यात सांगितलंय. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. निवारा आणि पाणी, दोन्ही एका ओळीत. मैत्रिणींनो, परगावी उतरल्यावर आपण अजूनही हेच दोन प्रश्न आधी विचारतो. जागा कशी आहे? आणि पाण्याची सोय काय?

शय्या हाही एक परीषह

दशलक्षणात नवव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय वाचतात, तेव्हा बावीस परीषह आपल्या कानावर पडतात. भूक, तहान, थंडी, उष्णता… या यादीत डास-माश्यांचा चावा आहे आणि शय्याही आहे. इतकी वर्षं ऐकत आले, पण अंथरुणाचा त्रास भुकेच्या आणि तहानेच्या रांगेत बसवलाय, याकडं माझं लक्ष त्या हॉटेलच्या रात्रीनंतरच गेलं. आचार्यांना माणसाची पुरती ओळख होती. परक्या जागी झोप न येणं ही लहान गोष्ट नाही, हे त्यांनी धरलेलं होतं.

मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांमध्ये क्षितिशयन आहे. जमिनीवर, फळीवर किंवा गवतावर, एका कुशीवर, आणि तेही थोडा वेळ. कूस बदलायची तर आधी पिंछीनं जागा हळुवार झाडायची, म्हणजे अंगाखाली जीव सापडू नये. श्वेतांबर परंपरेच्या आचारांगसूत्रात तर मुक्कामाच्या जागेवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. कोणती जागा घ्यावी, कोणती घेऊ नये, जिथं अंडी, बिया, कोळ्याची जाळी आहेत तिथं का राहू नये, गृहस्थाच्या बिऱ्हाडात का उतरू नये, हे सगळं बारकाईनं दिलंय. शेवटी सांगितलंय ते असं, की जागा कधी सपाट मिळेल, कधी खडबडीत. कधी वाऱ्याची, कधी कोंदट. कधी धुळीची, कधी स्वच्छ. कधी डासांची, कधी बिनडासांची. जी मिळेल तिच्यात समभाव ठेवावा.

आपण काही मुनी नाही. पण त्या रात्री गादीवरून उठून सतरंजीवर आडव्या झालेल्या सासूबाईंना यातलं काहीतरी साधलेलं होतं, असं मला राहून राहून वाटतं. त्यांनी खोलीला नावं ठेवली नाहीत, तक्रार केली नाही. आपल्याला पुरेल एवढी जागा शोधली आणि झोपल्या.

बनारसीदासांच्या दोन रात्री

आता एका गृहस्थाची गोष्ट. पंडित बनारसीदास आपल्याला समयसार नाटकामुळं माहीत असतात. ते पेशानं व्यापारी. १५८६ साली जौनपूरला श्रीमाळ घराण्यात जन्मले आणि १६४१ साली आग्र्यात त्यांनी 'अर्धकथानक' नावाची आपली आत्मकथा पद्यात लिहिली. भारतीय भाषांतली ही पहिली आत्मकथा समजतात. त्यात त्यांनी स्वतःची फजिती लपवलेली नाही, म्हणून वाचायला गोडी वाटते.

१६१०च्या सुमारास वडिलांनी त्यांना जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन आग्र्याला पाठवलं. इटाव्याजवळ मुक्काम पडला आणि जोराचा पाऊस आला. गाड्या तिथंच ठेवून ही मंडळी आडोसा शोधत पळत सुटली. सराईत गेले तर ती बड्या सरदारांनी भरलेली. बाजारात एक ओटाही मोकळा नाही. दारं बंद. कुणी 'बसा' म्हणेना. पाय चिखलानं माखलेले. एका घरातल्या बाईला दया आली, ती आत या म्हणाली, तर तिचा नवरा बांबू घेऊन अंगावर आला. फिरता फिरता शेवटी पहारेकऱ्यांची एक झोपडी सापडली. आपली हकिगत सांगितल्यावर त्यांनी जागा दिली. जरा अंग टेकतात तोच एक दांडगा माणूस आला आणि निघा म्हणून दरडावू लागला. हे बिचारे घाबरून बाहेर पडले, तेव्हा त्यालाच कीव आली. त्यानं परत बोलावलं, अंथरायला एक तरट दिलं. मग त्यानं आपली खाट टाकली, आणि खाटेवर तो, खाटेखाली हे, अशी ती रात्र गेली.

दुसरी रात्र याहून वाईट. काही वर्षांनी ते आणखी दोघांबरोबर प्रवासात होते. वाट चुकली आणि नेमके चोरांच्या गावात शिरले. बनारसीदासांनी प्रसंगावधान राखून एक श्लोक म्हटला आणि गावच्या चौधरीला आशीर्वाद दिला. चौधरीला वाटलं, ब्राह्मण आलेत. त्यानं आदरानं चौपाळीवर उतरायला जागा दिली. तिघांनी रात्रीतच सूत काढून जानवी केली, मातीत तळ्याचं पाणी कालवून कपाळाला टिळे लावले आणि जीव मुठीत धरून उजाडायची वाट बघत बसले. सकाळी चौधरीनंच त्यांना योग्य वाटेला लावलं.

या दोन रात्री शेजारी ठेवून बघा. पहिल्या रात्री तरटाचं अंथरूण, डोक्यावर परक्याची खाट, पण निदान पाठ टेकली. दुसऱ्या रात्री मानपान, चांगली जागा, आणि डोळ्याला डोळा नाही. कारण मनात भीती होती. झोप अंथरुणावर किती अवलंबून आणि भीतीवर किती, याचा हिशोब या एका पुस्तकात मिळतो.

याच बनारसीदासांच्या जन्माआधी चाळीस-पंचेचाळीस वर्षं, १५४० ते १५४५ या काळात, शेरशाहनं मोठ्या रस्त्यांवर ठरावीक अंतरावर सराया बांधल्या होत्या. हिंदूंची वेगळी सोय, पाण्याची व्यवस्था, सावलीसाठी झाडं, असं त्यांचं वर्णन इतिहासात आहे. सराई होती. पण तिथं जागा मिळणार की नाही, हे तुम्ही कोण यावर ठरायचं. सरदार आले की व्यापारी बाहेर. आणि बाई एकटी आली तर काय व्हायचं, हे बनारसीदासांनी लिहिलेलं नाही. त्या घरातल्या बाईचं दार तिच्या नवऱ्याच्या हातात होतं, एवढं मात्र कळतं.

आवास आणि अभय

पाठशाळेत आपण चार दानं पाठ केलेली असतात. बऱ्याच जणी आहार, औषध, शास्त्र आणि अभय असं म्हणतील. पण स्वामी समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात ही यादी जराशी वेगळी आहे. आहार, औषध, उपकरण आणि आवास. एका यादीत अभय, दुसऱ्या यादीत आवास.

मी पंडित नाही, या फरकामागची शास्त्रचर्चा माझ्या आवाक्यातली नाही. पण घर चालवणारी बाई म्हणून मला ही दोन दानं वेगळी वाटत नाहीत. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला आपण अंथरूण देतो तेव्हा सोबत न बोलता आणखी एक गोष्ट देतो. रात्री तुला कुणी उठवणार नाही, तुझ्या पिशवीला हात लावणार नाही, तू निवांत झोप. ती दुसरी गोष्ट नसेल तर अंथरूण नुसतं कापड. सित्तन्नवासलच्या दगडावर झोप येत असणार आणि चोरांच्या चौपाळीवर येत नव्हती, ती याच कारणानं.

रेल्वे आली, धर्मशाळा वाढल्या

आपल्याकडं मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. तोवर दूरची यात्रा म्हणजे बैलगाड्यांचा संघ, महिनोन्‌महिने चालणारा. जाणारा घरच्यांचा निरोप असा घ्यायचा, की परत भेट होईल न होईल. रेल्वेनं शिखरजी, गिरनार जवळ आणले. लहान कुटुंबं, म्हाताऱ्या बायका, विधवा बायका यात्रेला निघू लागल्या. आणि प्रश्न उभा राहिला, स्टेशनावर उतरल्यावर रात्री जायचं कुठं?

या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य दिलं, त्यांत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. मूळचे सुरतेचे, मुंबईत मोत्या-जवाहिरांचे व्यापारी. १९०२ साली स्थापन झालेल्या दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीमागं ते होते. कोल्हापूरच्या आपल्या जैन बोर्डिंगलाही त्यांचाच हात होता. मुंबईत सी. पी. टँकजवळ त्यांनी वडिलांच्या नावानं हिराबाग धर्मशाळा बांधली. त्याच सुमारास, १९०३ साली, त्याच मुंबईत समुद्राकाठी ताजमहाल हॉटेल उघडलं. एकाच शहरात, जवळजवळ एकाच वेळी, परगावच्या माणसाला झोपायला दोन जागा तयार झाल्या. एका ठिकाणी पैसे मोजून खोली मिळायची. दुसऱ्या ठिकाणी यात्रेकरू म्हणून जागा मिळायची.

हिराबागेबद्दलची आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९१२ साली सुरू केलेलं हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय याच हिराबागेत होतं. आणि १९४३ साली प्रेमींनीच बनारसीदासांचं अर्धकथानक संपादन करून छापलं. इटाव्याच्या पावसात ज्याला ओटा मिळाला नाही, त्याच्या पुस्तकाला तीनशे वर्षांनी धर्मशाळेत जागा मिळाली.

माणिकचंद शेठांची मुलगी मगनबाई. लहान वयात वैधव्य आलं. वडिलांनी तिला शिकवलं, आणि तिनं पुढं मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. सासरी आणि माहेरी ज्यांना कोपरा उरला नव्हता, अशा बायका तिथं राहिल्या, शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. वडिलांनी यात्रेकरूंना आवास दिला, मुलीनं आपल्या बायकांना. मगनबाईंचं नाव आपण शिक्षणासाठी घेतो, ते योग्यच. पण शिकायच्या आधी त्या बायकांना रात्री निर्धास्त झोपता आलं असेल, हेही विसरू नये.

दालनातली रात्र

सासूबाई पहिल्यांदा शिखरजीला गेल्या तेव्हा लग्नाला दोनच वर्षं झाली होती. त्या सांगतात, दालनात साठ-सत्तर माणसं. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मधे दोरीवर धोतरं वाळत घातलेली, तोच पडदा. प्रत्येकाची आपली वळकटी. कंदील एकच. संध्याकाळी साडेसातलाच सगळे आडवे, कारण पहाटे दोनला उठून पहाड चढायचा. चढायला नऊ किलोमीटर, वर टोंकांना फिरायला नऊ, उतरायला नऊ. झोप नीट झाली नाही तर पाय चालत नाहीत, म्हणून दालनात कुणी मोठ्यानं बोललं की एखादी आजी लगेच दटावायची.

"आणि भीती नाही वाटायची?" मी विचारलं.

"कशाची? एवढ्या बायका होत्या की. कोण ना कोण जागंच असायचं. कुणाचं पोर रडायचं, कुणी जप करत बसलेलं असायचं. आपण झोपायचं."

पण याच सासूबाईंनी दुसरी बाजूही सांगितली. संडासाला अंधारात शेताकडं जावं लागायचं, म्हणून बायका दुपारपासून पाणीच प्यायच्या नाहीत. पाळी आली तर दालनाबाहेर ओसरीला, थंडीत. त्यांच्या संघातली एक विधवा बाई तीन रात्री दारापाशी झोपली, आत जागा असून. तेव्हा कुणाला त्यात वावगं दिसलं नाही, त्यांनाही नाही. "आता आठवलं की वाईट वाटतं," म्हणाल्या.

म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. जोडलेल्या बाथरूमची किंमत बाईलाच कळते.

आणि आजचं काय? चार वर्षांपूर्वी मी एका कामासाठी एकटी प्रवास करत होते. गाडी चुकली, रात्रीचे नऊ वाजलेले. जवळच आपली धर्मशाळा होती. कुठली, ते सांगत नाही. खिडकीतल्या माणसानं आधारकार्ड बघितलं, मागं कुणी पुरुष आहे का बघितलं आणि म्हणाला, "एकट्या बाईला खोली देत नाही, नियम आहे." खोल्या रिकाम्या होत्या. णमोकाराची पाटी त्याच्या डोक्यावर होती. ती रात्र मी स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये, पर्स पोटाशी धरून, बसून काढली. त्या वेळी राग आला होता. आता अर्धकथानक वाचल्यावर वाटतं, सराईच्या दारातून परत फिरणाऱ्यांच्या रांगेत मीही होते.

हॉटेलात झोप का येत नाही

याचं एक कारण शास्त्रज्ञांनीही शोधलंय. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्या जागी झोपलेल्या माणसांच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या. पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीक आवाजालाही तो लवकर जागा होतो, असं त्यांना दिसलं. पुढच्या खेपेला त्याच जागी हा फरक राहिला नाही. म्हणजे परक्या ठिकाणी आपलंच अर्धं डोकं पहाऱ्यावर बसतं. दालनात तो पहारा जपवाली आजी करायची, त्यामुळं आपलं डोकं मोकळं. बंद खोलीत आपल्यालाच करावा लागतो.

आता रोज दालन कुठून आणणार? हॉटेलात उतरावंच लागतं. मी सासूबाईंकडून शिकून जे करते, ते सांगते.

एक, खोली रस्त्याच्या आणि लिफ्टच्या बाजूची घेत नाही. मागायला लाजत नाही. दोन, घरची वापरातली चादर आणि उशीचा अभ्रा नेते. त्याला घरचा वास असतो. दाराखालच्या फटीला टॉवेल लावते, उजेड आणि आवाज दोन्ही कमी होतात. तीन, आपला रात्रीभोजनाचा नियम परगावी मोडत नाही. दिवसा जेवून, गाळलेलं पाणी पिऊन, पोट हलकं ठेवून आडवं झालं की नवी जागाही जड जात नाही. चार, कडी एकदाच नीट बघते आणि बघितली असं मोठ्यानं म्हणते. हसू नका, त्यानं पुन्हा उठावंसं वाटत नाही.

आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं. झोपताना आपल्याकडं उठेपर्यंतचा त्याग घेतात. सकाळी डोळे उघडेपर्यंत चारी आहारांचा त्याग, परिग्रहाचा त्याग, सर्व जीवांना क्षमा. घरी मी हे घाईघाईत उरकायची. हॉटेलात सावकाश करते. पर्स, मोबाईल, उद्याचं तिकीट, घरी गॅस बंद केला का, हे सगळं एकेक करून खाली ठेवते. उठले तर परत माझं. सासूबाई त्या रात्री हेच करून झोपल्या होत्या आणि आम्ही दोघी कडीला धरून बसलो होतो.

आम्ही काय लिहून दिलं

महिला मंडळाच्या बैठकीत बराच वाद झाला. तरुण सुना म्हणाल्या, दालन कशाला, आता कुणी सतरंजीवर झोपत नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या, खोलीत एकटं कोंडून घ्यायला यात्रेला कशाला जायचं? शेवटी चार गोष्टी एकमतानं लिहून दिल्या.

खोल्या जरूर बांधाव्यात, संडास-बाथरूम जोडलेल्या. त्यातल्या निदान दोन तळमजल्यावर, म्हाताऱ्यांसाठी. जुनं दालन पाडू नये. छप्पर आणि फरशी दुरुस्त करून ते बायकांसाठी ठेवावं, म्हणजे संघ आला तर, किंवा कुणाला एकटीला खोलीत नको वाटलं तर, तिथं झोपता येईल. रात्री चौकीदाराबरोबर एक बाई कामाला ठेवावी. आणि चौथी गोष्ट ठळक अक्षरात: ओळखपत्र बघावं, नोंद करावी, पण रात्री दाराशी आलेल्या एकट्या बाईला परत पाठवू नये. ती विधवा असो, परित्यक्ता असो, नोकरीवाली असो, कुठल्याही जातीधर्माची असो.

अध्यक्षांनी कागद वाचला. खोल्या आणि चौकीदारीण मान्य आहे म्हणाले. दालनाच्या जागेत तीन खोल्या बसतात, त्यावर विचार करू म्हणाले. चौथ्या कलमावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "हे असं लिहायची वेळ का आली?" तेव्हा मी माझी वेटिंगरूमची रात्र सांगितली. घरी यजमानांनाही ती इतकी सविस्तर सांगितलेली नव्हती. त्यांनी पेन काढून त्या कलमापुढं सही केली. दालनाचा निर्णय महावीर जयंतीनंतरच्या सभेत व्हायचाय. सभेला आम्ही सगळ्याजणी जाणार आहोत, सासूबाईसुद्धा.

तुमच्या गावच्या धर्मशाळेत एकट्या बाईला जागा देतात का, हे एकदा जाऊन विचारा. पाटीवर काय लिहिलंय ते वाचू नका, खिडकीतल्या माणसाला विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.